मांडीवरची माती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रिक्षातून कढीपत्त्याचं झाड नेणं. बिबवेवाडी ते कात्रज. मुळांचा गोळा निम्मा माझ्या मांडीवर, निम्मा आमच्या मेहुण्यांच्या मांडीवर, आणि फांद्या रिक्षावाल्याच्या मानेवर. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, टेम्पो करायचा होता ना." मेहुणे म्हणाले, "टेम्पोला मांडी असते का?" त्यावर तो बिचारा कात्रजपर्यंत गप्प बसला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली की मांडीवर झाड ही रोजची गोष्ट होते. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मेहुणे नव्हते. झोपेतच गेले. म्हणून ते शेवटचं, नाहीतर असलं कोण लक्षात ठेवतो!

जगात इतकी माणसं जमिनीवर चालतात, पण जमिनीला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याच्या आत पहिली टाच आपटायचे. आवाज ऐकायचे. मग चप्पल काढायचे. घरमालकाला वाटायचं, पायाला मुंग्या आल्यात. मुंग्या कसल्या, फरशीखालचा भराव नीट दाबलाय का नाही ते बघायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरवायला बसलो होतो. मुलाचा बाप कोथरूडचा, कपड्यांना इस्त्री, बोलण्याला त्याहून कडक इस्त्री. मुलाचा पगार, शिक्षण, पत्रिका यातलं मेहुण्यांनी एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर "आपल्या बिल्डिंगखाली काय आहे?" तो म्हणाला, "पार्किंग." मेहुणे म्हणाले, "त्याच्या खाली?" त्या गृहस्थानं आयुष्यात एवढा खोल विचार कधी केला नव्हता. लग्न झालं, पण घराचा नकाशा बघून झालं.

धंदाच त्यांचा तो. इमारत बांधायच्या आधी त्या जागेत भोकं पाडतात आणि खाली माती किती, मुरूम किती, खडक कुठं लागतो ते तपासतात. असली भोकं पाडायची मेहुण्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक मशीन, तीन पायांचं एक लोखंडी तिकाटणं, ते स्वतः आणि चार माणसं. त्या चारांतला एक मी. माझं काम दोराचं. साडेत्रेसष्ट किलोचा लोखंडी ठोकळा दोरानं अडीच फूट वर ओढायचा आणि सोडून द्यायचा. तो खालच्या नळीवर आदळतो आणि नळी जमिनीत घुसते. फूटभर घुसायला किती ठोके लागले ते मोजायचं, बस. थोड्या ठोक्यांत घुसली तर जमीन पोकळ, पुष्कळ ठोके खाल्ले तर घट्ट. पन्नास ठोके मारूनही हलली नाही तर समजायचं, पाहुणा भेटला. खडकाला मेहुणे पाहुणा म्हणायचे.

माझा बाप मार्केट यार्डात धान्य मापायचा. मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही तिथली रीत. तीच माझ्या तोंडी बसलेली. कामाच्या पहिल्या दिवशी मी ठोका मारला आणि ओरडलो, "लाभ!" मेहुणे तेव्हा मेहुणे नव्हते, साहेब होते. वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "जमिनीनं अजून काही दिलं नाही, लाभ कसला?" मी म्हटलं, "साहेब, मोजायचं तर लाभपासून. नाहीतर दुसरा माणूस बघा." त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, विचार केला, आणि मान डोलावली. पुढं त्यांच्या एकाही भोकात पहिला ठोका 'एक' म्हणून पडला नाही. ते स्वतः मोजायला बसले तरी लाभच म्हणायचे.

माझं लग्नही त्या ठोक्यांनीच जमवलं. एका जागेवर नळी चार ठोक्यांत फूटभर खाली गेली. ठेकेदाराचा माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "चाराचे चौदा म्हण ना, तुझ्या बापाचं काय जातंय?" जमीन घट्ट दाखवली की पाया कमी खणावा लागतो, हे त्याचं गणित. मी म्हटलं, "मी चौथी शिकलेला माणूस. चाराच्या पुढं मला येत नाही." मेहुणे पत्र्याच्या आड डबा खात होते. त्यांनी ऐकलं. वर्षभर नुसते बघत राहिले, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या ठेकेदारांपुढं. आणि एक दिवस बहिणीचं स्थळ घेऊन माझ्या बापापुढं बसले. घरी बहिणीला त्यांनी काय सांगितलं ते तिनं मला पुढं सांगितलं. "शिक्षण नाही, बोलणं ओबडधोबड आहे, दिसायला तू बघशीलच. पण वर्षभर ठोकून बघितलाय. खाली पाहुणा आहे." ही म्हणायची, जगात असलं कौतुक कुठल्याही नवऱ्याचं झालं नसेल.

रुखवतात बाकीच्यांनी लाडू, करंज्या, लोकरीचा ताजमहाल मांडला होता. मेहुण्यांनी काळ्या पाषाणाचा दांडा मांडला. मशीननं खडकातून कापून काढलेला, गोल, गुळगुळीत, मनगटाएवढा जाड. अंगावर पिवळ्या रंगानं लिहिलेलं, 'भोक तीन, साडेअकरा मीटर'. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्या हिनं त्याचा बत्ता केला. चाळीस वर्षं आमच्या लसणाची चटणी साडेअकरा मीटर खालच्या दगडानं कुटलेली आहे. रंग उडाला, दगड तसाच आहे.

साइटवर ते साहेब आणि घरी मी जावई, याचा घोटाळा कुणाचाही झाला असता. मेहुण्यांनी त्याचाही बंदोबस्त केला होता. डोक्यावर हेल्मेट असेपर्यंत मी 'तू'. हेल्मेट काढलं की 'दाजी, आपण'. एकदा भर उन्हात माझ्यावर खेकसले, "अरे दोर सोड, झोपलास काय!" आणि लगेच हेल्मेट काढून म्हणाले, "दाजी, आपण पाणी घेतलंत का?" मी घेतलं. हेल्मेट पुन्हा चढलं. "मग ओढ!" नवीन आलेल्या माणसांना वाटायचं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी सांगायचो, परिणाम आधीपासून आहे, हेल्मेट नंतर आलं.

माती तर ते चाखायचे. चिमूटभर पुढच्या दातांत धरायची. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी पसरली तर चिकणमाती. कुणी म्हटलं, साहेब, लॅब आहे की, तर म्हणायचे, "लॅबचा रिपोर्ट आठ दिवसांनी. दात आत्ता आहेत." म्हातारपणी दात गेले. कवळी बसवायला नारायण पेठेतल्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो होतो. पहिला प्रश्न, "हिला कच कळेल का?" डॉक्टर म्हणाला, "काका, हिला चकली कळली तरी पुष्कळ आहे." तेव्हापासून माझ्या मागं लागले. "दाजी, आपले दात शाबूत आहेत. एवढी चिमूट जरा बघा." मी म्हणायचो, "मी काय गांडूळ आहे?" पाच वर्षं हे चाललं. त्यांनी चिमूट पुढं करायची आणि मी तोंड फिरवायचं. त्याच डॉक्टरच्या जिन्यात भिंतीला भेग दिसली, तर खिशातून पेन्सिल काढून तिच्या टोकाला रेघ मारली आणि तारीख घातली. म्हणजे पुढच्या खेपेला भेग किती वाढली ते कळतं. खालचा दुकानदार ओरडला, "अहो, भिंत आमची आहे, वही नाही!" मेहुणे म्हणाले, "भेगही आपलीच आहे. मी फक्त तारीख घातली."

आमच्या घराच्या मागच्या भिंतीलाही अशी भेग होती. दर भाऊबीजेला मेहुणे यायचे आणि पाटावर बसायच्या आधी मागं जाऊन पेन्सिलीनं रेघ मारून यायचे. ही निरांजन घेऊन ताटकळत उभी. "दादा, आधी ओवाळून घे. भिंत कुठं जातेय का?" ते म्हणायचे, "तीच जातेय." वर्षाला एक रेघ. मुलांची उंची मोजतात ना दाराच्या चौकटीवर, तशी त्यांनी आमची भेग वाढवली.

पण त्यांचं खरं प्रेम न हललेल्या मातीवर. हे जरा समजून घ्या. काही माती जशी जमिनीत आहे तशीच वर काढावी लागते. दाबायची नाही, हलवायची नाही, हवा लागू द्यायची नाही. पातळ नळीत धरून काढायची, दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण ओतायचं, वर चिठ्ठी लावायची आणि बाण काढायचा, 'वरची बाजू'. लोक अशी नळी गाडीच्या डिकीत टाकतात. मेहुणे मांडीवर घ्यायचे. बसमध्ये, रिक्षात, पुण्यातल्या सगळ्या खड्ड्यांतून, तान्ह्या पोरासारखी. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो त्यात?" मेहुणे म्हणाले, "बिबवेवाडी." बाई म्हणाल्या, "म्हणजे?" "तीन मीटर खालची." बाई उठून पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांना एकदाच हतबल झालेलं पाहिलं. खडकाचे तुकडे लाकडी पेटीत ओळीनं लावतात, वरचा आधी, खालचा नंतर. तो क्रम म्हणजेच सगळं. अशा दोन पेट्या एका रात्रीपुरत्या आमच्या खोलीत ठेवल्या होत्या. सकाळी मेहुणे न्यायला आले तर पेट्या लखलखत होत्या. आमच्या हिनं सगळे दगड घासून, धुऊन, पुसून लहानापासून मोठ्यापर्यंत लावले होते. "फार मळले होते रे दादा. आणि कसेही टाकले होते." त्या माणसानं ठेकेदाराला कधी सोडलं नव्हतं, मंत्र्याच्या भाच्याला सोडलं नव्हतं. मेहुण्यांनी पेटीकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि म्हणाले, "छान लावलेस. आमच्या लोकांना कधी असं जमलं नाही." चहा घेतला. बाहेर येऊन हेल्मेट घातलं आणि मला म्हणाले, "चल. भोक परत पाडायचंय." तीन दिवस लागले. तिला मरेपर्यंत कळलं नाही.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. घरात भांडी आहेत, तिचा बत्ता आहे, साड्या सुनेनं नेल्या. जिवंत असं एकच राहिलं होतं, बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यातलं कढीपत्त्याचं झाड. तिनं बी लावून वाढवलेलं, माझ्या डोक्याएवढं उंच. मी त्याला रोज पाणी घालायचो आणि काय काय झालं ते सांगायचो. त्याला फार काही लागत नव्हतं, पाणीही आणि बातम्याही.

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. बारा घरं आहेत, बारा जणांच्या सह्या झाल्या, माझीही झाली. मग माती तपासायला माणसं आली. इंजिनियर मुलगी मेहुण्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिनं चार ठिकाणी चुन्यानं फुल्या मारल्या. चौथी फुली बरोब्बर माझ्या झाडाच्या बुंध्यावर. मी खुर्ची आणली आणि झाडाला टेकून बसलो. म्हटलं, आता चालवा मशीन. सेक्रेटरी आले. "काका, कढीपत्ता मंडईत कुठंही मिळतो." मी म्हटलं, "मग बिल्डिंगही मंडईतूनच आणा." ते गेले. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याविषयी काय काय आलं ते मी वाचलं नाही, पण दुसऱ्या मजल्यावरचे लोक माझ्याकडं बघून हसायचे बंद झाले, त्यावरून कळलं. दोन दिवस असे गेले. मग मीच मेहुण्यांना फोन केला. वाटलं, साहेबांचा शब्द ती पोरगी मोडणार नाही. फुली तीन फूट सरकवली तर कुणाचं काय बिघडतंय? आणि झाड काय परक्याचं आहे? त्यांच्या बहिणीचं.

मेहुणे कात्रजहून बसनं आले. टाच आपटली. झाडाभोवती एक फेरी मारली. भिंतीजवळ जाऊन आपल्या पेन्सिलीच्या रेघा खालपासून वरपर्यंत वाचल्या, सावकाश, पोथी वाचतात तशा. मग म्हणाले, "फुली बरोबर आहे."

मी म्हटलं, "तीन फूट सरकवा."

"नाही."

"दोन फूट."

"दाजी, ही काय मंडई आहे? इथं जुनी विहीर होती, बुजवलेली. हा कोपरा तीस वर्षं खचतोय, मी तारखा घातल्यात. भर मे महिन्यात न सुकणारं झाड कशावर उभं असतं? चारांतलं हेच खरं भोक आहे, बाकीची तीन सोबतीला."

मला राग आवरला नाही. मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "बहीण गेली तेव्हा तुम्ही रडला नाहीत. मला वाटलं, आतून रडत असाल. पण तुम्ही साडेअकरा मीटरपर्यंत पाषाणच आहात."

इंजिनियर मुलगी उगाच कागद चाळत राहिली. मग मेहुणे म्हणाले, "ती म्हणायची, माझ्या हाताला गुण आहे, म्हणून झाड एवढं हिरवं. विहिरीमुळं आहे, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिला सांगितलं नाही. तिचं झाड राहावं म्हणून बारा घरं विहिरीवर उभी करू? तुम्ही चाराचे चौदा म्हणाला नाहीत, दाजी. म्हणून तिला तुमच्या घरी दिली."

मी खुर्ची उचलली.

त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरचं हेल्मेट मागून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. "कुदळ घे." झाड छातीएवढं छाटलं. बुंध्याभोवती हात-हात अंतर मोजून गोल आखला. कुदळीचा पहिला घाव मी घातला, ते म्हणाले, "लाभ." पुढं मोजत होते, मधेच थांबले. कढीपत्ता छाटताना डोळ्यांना पाणी येत नाही, तो काय कांदा नाही. मी न बघितल्यासारखं केलं. मुळांचा गोळा हंड्याएवढा निघाला. ओल्या पोत्यात गुंडाळला, सुतळीनं आवळला. इंजिनियर मुलीकडून चिठ्ठी आणि पेन मागितलं. जागा लिहिली, खोली लिहिली, बाण काढला आणि लिहिलं, 'वरची बाजू'. मी म्हटलं, "दादा, झाड आहे ते. वरची बाजू कुणालाही कळते." ते म्हणाले, "पद्धत आहे. धर नीट. हलवू नकोस." मशीनवरच्या माणसांनी रिक्षात चढवून दिलं. आमच्या मागं लगेच मशीन सुरू झालं.

कात्रजला त्यांच्या दोन खोल्यांपुढं जरा अंगण आहे. तिथं पोचल्यावर सरळ झाड लावतील तर ते मेहुणे कसले! झाडासाठी तीन खड्डे घेतले. तिन्हींत बादली-बादली पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसले, कुठं किती वेळात जिरतंय. वहिनी दारातून म्हणाल्या, "एका कढीपत्त्यासाठी अंगणाची चाळण केलीत. आता आमटीला फोडणी द्यायची ती कुठल्या भोकात देऊ?" मधल्या खड्ड्याला पसंती मिळाली. झाड उतरवलं, माती सारली, चिठ्ठी फांदीला तशीच ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. इंजिनियर मुलगी होती. मेहुण्यांनी आवाज मोठा करून फोन माझ्याकडं वळवला. "सर, सात मीटरला आलो, अजून भराव आहे. विटा निघतायत. तीन ठोक्यांत नळी फूटभर गेली." फोन ठेवून मेहुणे म्हणाले, "ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं." दुसरा कुणी असता तर एवढ्यावर महिनाभर जगला असता. मेहुण्यांनी हेल्मेट काढलं. ते त्या मुलीचंच होतं, परत द्यायचं राहिलं.

मग म्हणाले, "दाजी, बिल्डिंग होईपर्यंत आपणही इकडंच या."

"मला काय मुळासकट उपटणार?"

"न हलवता आणू."

निघताना त्यांनी झाडाच्या बुडातली चिमूटभर माती माझ्यापुढं धरली. "एवढी एकदाच बघा. तिच्या हातची आहे." मी म्हटलं, "उद्या बघू." आणि बस पकडली.

सकाळी वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सगळे चिठ्ठी लावलेल्या त्या झाडाला वळसा घालून आत जात होते, झाडाला पाणी मात्र कुणी घातलं नव्हतं. त्या सकाळी ते कुणाला सुचणार? मी पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं आणि हळूहळू बुडाशी सोडलं. मग खाली बसलो. चिमूटभर माती घेतली, फुंकर मारून खडा उडवला आणि पुढच्या दातांत धरली.

कच लागली नाही. लोण्यासारखी पसरली.

चूळ भरली आणि आत गेलो. त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "चिकणमाती आहे, दादा." शेजारी बसलेल्या कुणीतरी माझ्याकडं बघितलं. बघू दे.